म्लेच्छितविकल्प आणि रिव्हरबँकची हवेली

वाशीम हे आज जिल्ह्याचे ठाणे आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळे होऊन त्याला हा मान मिळाला. आणि वऱ्हाड प्रांत इंग्रजी अंमलाखाली असताना ‘बासीम’ या नावाने हाच मान १९०५ पर्यंत त्याच्याकडे होता, हे जुनी दप्तरे चाळणाऱ्यास ठाऊक असते. परंतु कलेक्टर-कचेऱ्यांच्या या येण्याजाण्याच्या फार पलीकडे, ज्या काळी येथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती आणि गावाचे नाव वत्सगुल्म असे होते, त्या काळाचा एक धागा असा आहे की, तो धरून चालू लागले असता माणूस अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात, फॉक्स नदीच्या काठी, एका विक्षिप्त धनिकाच्या हवेलीत जाऊन पोहोचतो.

धागा वात्स्यायनाच्या हातचा आहे. निरनिराळ्या राजकुळांतील आचार सांगताना कामसूत्र वत्सगुल्माचे नाव घेते, आणि यशोधराची जयमंगला टीका त्यावर असे सांगते की, दक्षिणापथात वत्स आणि गुल्म नावाचे दोन सहोदर राजपुत्र होते व त्यांनी वसविलेला प्रदेश तो वत्सगुल्म. उल्लेख नगराच्या कीर्तीत भर घालणारा नाही, कारण ज्या आचाराच्या संदर्भात तो आला आहे तो आचारच निंद्य आहे. तरी एवढ्या आधारावर वात्स्यायनच वाशीमचा होता असे म्हणून टाकण्याचा मोह गावाच्या अभिमानी माणसास होतो. तो आवरावा हे बरे. ग्रंथात जे नाही ते आपल्या इच्छेने वाचू लागले म्हणजे काय होते, याचा एक मोठा नमुना पुढे येणारच आहे.

याच कामसूत्रात चौसष्ट कलांची ती प्रसिद्ध यादी आहे. गीत, वाद्य आणि नृत्य यांच्यापासून आरंभ करून, फुले गुंफण्यापासून राघूमैनेला बोलावयास शिकविण्यापर्यंत सर्व प्रकारच्या नागर कौशल्यांची जंत्री देत असताना ग्रंथकार ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला सांगून जातो. शब्द शुद्ध असूनही अक्षरांची अदलाबदल केल्यामुळे जे इतरांस अनाकलनीय होते ते म्लेच्छित. आणि अशी अदलाबदल करण्याचे जे नाना प्रकार ते त्याचे विकल्प. टीकाकार त्यांपैकी दोहोंची नावेही सांगतो, एक कौटिलीय आणि दुसरा मूलदेवीय. मूलदेवीयात अक्षरांच्या जोड्या लावलेल्या असतात. ‘अ’ आणि ‘क’ यांनी परस्परांच्या जागी बसावे, ‘ख’ आणि ‘ग’ यांनी तसेच करावे, चवर्गाने टवर्गाशी आणि तवर्गाने पवर्गाशी अदलाबदल करावी. ‘ताप’ लिहावयाचा असेल तर कागदावर ‘पात’ उमटेल, आणि ज्याला जोड्या ठाऊक नाहीत तो बिचारा झाडाची पाती शोधीत बसेल. आपल्याकडील शाळकरी मुले ‘पाणी’ या शब्दाचे ‘चणीपा’ करून मास्तरांच्या देखत जी गुप्त मसलत चालवितात, तिचे कुळ हेच होय. यात ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट अशी की, या कला स्त्रियांनी शिकाव्यात असे वात्स्यायन आग्रहाने सांगतो. सांकेतिक लेखन हे त्याच्या मते केवळ राजाच्या हेरांचे काम नव्हे, अंतःपुरातील पाठ्यविषय आहे.

वऱ्हाडात ही विद्या केवळ यादीत राहिली नाही. महानुभाव पंथीयांनी आपले धर्मग्रंथ परक्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून सांकेतिक लिप्या निर्माण केल्या. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशी त्यांची नावे आहेत, आणि सकळ लिपी ही ‘सह्याद्रिवर्णन’ रचणाऱ्या रवळोव्यासाची म्हणून प्रसिद्ध आहे. हा बंदोबस्त इतका पक्का झाला की, मराठीतील पहिले गद्य चरित्र म्हणून ज्या लीळाचरित्राचा आज आपण गौरव करतो, ते चरित्र आणि त्याच्यासारखे कितीतरी ग्रंथ शतकानुशतके मराठी वाचकांच्या मध्ये असूनही त्यांना परके राहिले. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांशी झुंज घेतली तेव्हा कुठे ते कुलूप उघडले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी त्या वाङ्मयाचा इतिहास १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या नावाने लिहिला. आणि वाशीम येथे १९३९ साली वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्तीचा जो ताम्रपट सापडला, वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात असा ज्याचा थाट आहे, तो द. बा. महाजन यांच्या समवेत विद्वानांच्या नजरेस आणणारेही तेच देशपांडे. पुढे वा. वि. मिराशी यांनी त्याचे साक्षेपी संपादन केले. लिपी उलगडणे आणि गुप्तलेख फोडणे ही दोन्ही कामे जवळची आहेत. दोहोंतही माणसास आपला तर्क पुढे दामटावा असे वाटते, आणि दोहोंतही अक्षर जे सांगते तेवढेच ऐकावे लागते.

आता फॉक्स नदीच्या काठी जाऊ.

शिकागोच्या पश्चिमेस जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. जॉर्ज फेबियन नावाच्या कापडाच्या बड्या व्यापाऱ्याने तेथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जमिनी घेण्यास सुरुवात केली आणि हळूहळू शेकडो एकरांची एक जहागीरच उभी केली, तिचे नाव रिव्हरबँक. हा इसम स्वतःला कर्नल म्हणवून घेत असे. ही कर्नली इलिनॉयच्या गव्हर्नराने दिलेली मानाची, म्हणजे आपल्याकडील रावसाहेबीच्या जातीची होती. रणांगणाशी तिचा संबंध नव्हता. त्याच्या बंगल्याची फेररचना फ्रँक लॉइड राइट या नामांकित स्थापत्यकाराने केली होती, दिवाणखान्यातील पलंग आणि खुर्च्या छतापासून साखळ्यांनी टांगलेल्या होत्या, आवारात जपानी बाग होती, अस्वले आणि माकडे पाळलेली होती, आणि एक प्रचंड डच पवनचक्की सुटी करून आणून येथे पुन्हा उभारलेली होती. आपल्याकडील एखाद्या संस्थानिकाच्या लहरीची आठवण व्हावी असाच हा सारा प्रकार. फरक इतकाच की, संस्थानिक पहिलवान आणि गवई पदरी बाळगीत, फेबियनने शास्त्रज्ञ बाळगले.

शास्त्रज्ञांना राहावयास घरे, खावयास अन्न आणि प्रयोगास पैसा तो सढळ हाताने देई. वेतनाच्या बाबतीत मात्र हात आखडता असे, आणि संशोधनाचा विषय बहुधा मालकाच्या डोक्यातून निघे. विल्यम फ्रीडमन या तरुणास त्याने १९१५ साली कॉर्नेल विद्यापीठातून आणले ते आनुवंशशास्त्राच्या कामासाठी, म्हणजे गहू-ओट यांच्या जाती सुधारण्यासाठी; आणि चंद्राच्या कला पाहून ओट पेरल्यास पीक कसे येते, हाही त्या योजनेतील एक प्रश्न होता. मृग लागला की नाही हे पाहून तिफण बाहेर काढणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास यात हसण्यासारखे काही वाटणार नाही, पण विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधरास ते चमत्कारिक वाटले असले पाहिजे. त्याला राहावयास जागा मिळाली ती त्या पवनचक्कीत.

फेबियनचा मुख्य नाद मात्र निराळाच होता. एलिझाबेथ वेल्स गॅलप नावाच्या एका वृद्ध विदुषीचा असा सिद्धांत होता की, शेक्सपिअरची नाटके फ्रान्सिस बेकनची असून १६२३ च्या आद्य संग्रहात, ज्यास फर्स्ट फोलिओ म्हणतात, बेकनने आपले गुप्त आत्मचरित्र सांकेतिक रीतीने ओवून ठेवले आहे. बेकनने एक संकेतपद्धती शोधली होती आणि ती त्याच १६२३ साली आपल्या लॅटिन ग्रंथात छापलीही होती, एवढे खरे आहे. पद्धती मोठी सुंदर आहे, आणि ज्याने वृत्ते शिकताना लघु-गुरूंचा प्रस्तार मांडला असेल त्याला ती चुटकीसरशी कळेल. पाच अक्षरांचा एक चरण घ्या. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू असे दोनच प्रकारचे असू शकते. तर असे चरण एकूण बत्तीस होतात. पिंगलाच्या परंपरेतील कोणाही विद्यार्थ्याने हे बोटांवर सांगावे. बेकनच्या वर्णमालेत चोवीस अक्षरे होती, तेव्हा बत्तीसांतून चोवीस चरण निवडून प्रत्येकास एकेक अक्षर नेमून दिले की संकेत तयार झाला. लघु-गुरूच्या जागी त्याने छापण्याच्या खिळ्यांची दोन वळणे घेतली, एक साधे आणि दुसरे किंचित निराळे. वरवर पाहणाऱ्यास एखादे सात्त्विक वचन दिसावे, आणि खिळ्यांच्या वळणांतील भेद टिपणाऱ्यास त्यातून अगदी निराळा निरोप मिळावा. कशाच्याही आधाराने कोणतीही गोष्ट सांगता येते, फक्त दोन प्रकारांत विभागता येईल असे काहीतरी हवे: खिळे असोत, दिवे असोत, माणसे असोत.

या कामासाठी माणसे हवी होती. १९१६ साली शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात फर्स्ट फोलिओची प्रत पाहण्यासाठी इंडियाना प्रांतातील एलिझाबेथ स्मिथ नावाची, साहित्याचे शिक्षण घेतलेली आणि नोकरीच्या शोधात असलेली तेवीस वर्षांची मुलगी आली. ग्रंथपाल बाईंना फेबियनची गरज ठाऊक होती. त्यांनी फोन केला आणि थोड्याच वेळात धिप्पाड फेबियन मोटारीतून येऊन हजर झाला व त्या मुलीस, ओळखदेख नसताना, रिव्हरबँकला चलण्याचा हुकूम सोडता झाला. ती गेली. तेथे गॅलपबाईंच्या हाताखाली ती भिंगातून ‘अ’ आणि ‘न’ यांची वळणे तपासू लागली. छायाचित्रणात निपुण असलेला फ्रीडमन त्या पानांचे वाढविलेले छाप काढून देऊ लागला. दोघांचे सूर जुळले, आणि १९१७ च्या मे महिन्यात त्यांचा विवाहही झाला. आणि दोघांच्याही ध्यानात एकच गोष्ट येऊ लागली की, गॅलपबाईंना जे दिसते ते इतर कोणालाही दिसत नाही. त्यांच्या सूचना तंतोतंत पाळूनही दुसऱ्या माणसाच्या हाती अर्थहीन अक्षरांचे गाठोडे लागे. मग बाई येत, साधे म्हणून धरलेले एखादे वळण वस्तुतः निराळे आहे असे सांगत, आणि निरोप उमटे. तीनशे वर्षांपूर्वीच्या छापखान्यात झिजलेले आणि नवे खिळे सरमिसळ वापरले जात, ओल्या कागदावर शाई पसरे. बाईंच्या डोळ्यांनी त्या शाईच्या डागांत स्वतःचीच इच्छा वाचली होती. लबाडी यात मुळीच नव्हती. मला तर लबाडीपेक्षा ही प्रामाणिक भ्रांती अधिक भयंकर वाटते, कारण लबाडास आपण लबाडी करतो हे निदान माहीत असते.

याच नादातून आणखी एक प्रकार घडला. बेकनच्या तथाकथित गुप्त लेखात तारांच्या कंपनाने वजन उचलणाऱ्या एका यंत्राचे वर्णन निघाले, आणि फेबियनने ते यंत्र बांधून घेतले. ते अर्थात हलले नाही. मग तपासणीसाठी त्याने हार्वर्डचे ध्वनिशास्त्रज्ञ वॉलेस सेबिन यांना पाचारण केले. सेबिनना त्या यंत्रात काडीचा रस नव्हता, परंतु शांत प्रयोगागाराची त्यांना फार गरज होती. फेबियनने ते बांधून दिले, सेबिन १९१९ च्या आरंभी निवर्तले, आणि त्यांचे आप्त पॉल सेबिन यांनी काम पुढे चालविले. रिव्हरबँकची ध्वनिप्रयोगशाळा पुढे दशकानुदशके चालली. खोट्या प्रश्नातून खरी संस्था निघाल्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात आहेत, पण एकाच आवारात दोनदा असे घडणे दुर्मिळ.

दुसरी संस्था म्हणजे संकेतविभाग. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या सरकारजवळ शत्रूचे गुप्तलेख वाचणारे खाते असे नव्हतेच. फेबियनने आधीच पत्र लिहून आपली माणसे सरकारच्या सेवेस देऊ केली होती. काही महिने, हर्बर्ट यार्डलीच्या हाताखाली लष्करी खाते नीट उभे राहीपर्यंत, अमेरिकन सरकारचे गुप्तलेख एका खासगी हवेलीत, शेक्सपिअरमध्ये बेकन शोधण्यासाठी जमलेल्या मंडळींकडे टपालाने जात होते. त्या मंडळींत दोघेच खरे कसबी होते, फ्रीडमन आणि त्याची पत्नी.

या कामातील पहिल्या मोठ्या प्रकरणाशी आपला संबंध आहे, आणि तो आपल्या बाजूचा नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंदी मजूर आणि विद्यार्थी यांनी गदर पक्ष स्थापिला होता. त्याचे पत्र सॅन फ्रान्सिस्कोहून १ नोव्हेंबर १९१३ पासून निघू लागले. त्याच्या आरंभीच्या धुरीणांत वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे होते. आणि पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हा तरुण त्याच चळवळीसाठी हिंदुस्थानात परतला, पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर फासावर गेला. खानखोजे तोवर अमेरिका सोडून इराणच्या वाटेने गेले होते. मागे राहिलेल्यांनी जर्मन वकिलातीच्या पैशाने बंदुका खरीदून हिंदुस्थानात पाठविण्याचा घाट घातला. तो फसला, परंतु त्यासाठी झालेला सांकेतिक पत्रव्यवहार इंग्रजांच्या हाती लागला. ती पत्रे रिव्हरबँकला आली.

पत्रे म्हणजे नुसते आकडे. तीन-तीन आकड्यांचे गट, एकापुढे एक, पानेच्या पाने. फ्रीडमनने अंदाज केला की हे एखाद्या छापील पुस्तकाचे पृष्ठ, ओळ आणि अक्षर यांचे आकडे असावेत. पुस्तक कोणते, हे ठाऊक नाही. तर मग काय करावे? मराठीत उदाहरण घेऊ. समजा, पृष्ठ १२, ओळ ५, अक्षर १ हे ‘म’ आहे असे पत्राच्या संदर्भावरून अनुमान झाले, आणि त्याच ओळीतील तिसरे अक्षर ‘रा’ आहे असे दुसऱ्या पत्रावरून कळले. ‘म, काहीतरी, रा, काहीतरी’: आता दुसरे ‘हा’ आणि चौथे ‘ष्ट्र’ असावे, हे सांगावयास द्रष्टा लागत नाही. ही दोन नवी अक्षरे पत्रांत जिथे जिथे त्यांचे आकडे आले असतील तिथे तिथे जाऊन बसतात, तेथील शब्दांना आकार येतो, त्यातून आणखी ओळी भरतात. पत्र पुस्तकाला उजेड दाखविते, पुस्तक पत्राला. अशा रीतीने जे पुस्तक कधी पाहिले नाही त्याच्याच ओळी या माणसाने टेबलाशी बसून पुन्हा लिहिल्या. आणि पुढे ते पुस्तक सापडलेही. प्राइस कॉलियर नावाच्या लेखकाचे ‘जर्मनी अँड द जर्मन्स’ हे ते पुस्तक. गॅलपबाईंचा डोळा आणि हा डोळा यांतील अंतर येथे मोजता येते. येथे एक अक्षर चुकले तर पुढची दहा पत्रे लगेच तक्रार करतात. तेथे कोणतेही अक्षर चुकले तरी तक्रार करावयास कोणी नव्हते.

शिकागोतील खटल्यात हेरंबलाल गुप्त यांच्यावर दोष शाबीत झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा मोठा खटला १९१७ च्या नोव्हेंबरात उभा राहिला. फ्रीडमनने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन आकड्यांमागची अक्षरे न्यायाधीशांस आणि पंचांस उलगडून सांगितली. एप्रिल १९१८ मध्ये खटला संपत आला असताना आरोपींपैकीच रामसिंग यांनी भर न्यायालयात गदरचे संपादक रामचंद्र यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि एका मार्शलाने तेथेच रामसिंगांस ठार केले. आपसांतील संशयाचे विष इतके भिनले होते. फ्रीडमन हा रशियाच्या झारशाहीतील किशिनेव्ह गावी १८९१ साली जन्मलेला ज्यू. एका साम्राज्याच्या जाचातून त्याच्या बापाने कुटुंब अमेरिकेला आणले होते, आणि दुसऱ्या एका साम्राज्याच्या जाचातून सुटू पाहणाऱ्यांचे कागद वाचून दाखविणे हे त्याच्या कारकिर्दीचे पहिले मोठे यश ठरले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गदरच्या मंडळींनीच आपले सारे रहस्य बाजारात मिळणाऱ्या एका पुस्तकाच्या भरवशावर टाकले, यास मात्र म्लेच्छितविकल्पाच्या देशातील माणसांचा गाफीलपणा म्हणावा लागेल.

दुसरा एक प्रसंग विनोदाचा आहे. इंग्रजांनी प्लेट्स नावाच्या गृहस्थाचे एक लहान संकेतयंत्र पसंत केले होते. ते फोडता येत नाही अशी त्यांची खात्री होती, आणि शेवटची परीक्षा म्हणून पाच छोटे निरोप रिव्हरबँकला पाठविण्यात आले. यंत्रात दोन वर्णमाला असत आणि प्रत्येकीची मांडणी एकेका परवलीच्या शब्दावरून होई. फ्रीडमनने एक शब्द ‘सायफर’ असावा असे ताडले. दुसरा काही केल्या निघेना. शेजारी दुसऱ्या कामात गढलेल्या पत्नीस तो म्हणाला, डोळे मीट, मन रिकामे कर, आणि मी एक शब्द उच्चारताच जो पहिला शब्द सुचेल तो सांग. तो म्हणाला, ‘सायफर’. ती म्हणाली, ‘मशीन’. कुलूप उघडले. पहिला निरोप निघाला तो असा की, ही संकेतपद्धती सर्वथा अभेद्य आहे. ज्यांनी यंत्र बनविले त्यांनी परवलीचे शब्द निवडताना यंत्राच्या पलीकडे दृष्टी टाकली नव्हती, हे त्या बाईने डोळे मिटून पाहिले.

१९१८ च्या आरंभी लष्करी अधिकाऱ्यांच्या तुकड्यांना रिव्हरबँकतर्फे शिक्षण देण्यात आले. अभ्यासक्रमाच्या अखेरीस, जवळच्या ऑरोरा गावातील हॉटेलापुढे, त्यांचे एक समूहचित्र घेतले गेले. चित्रात काही अधिकारी कॅमेऱ्याकडे पाहतात, काही बाजूला. मानपानाची गडबड वाटावी असा प्रकार. परंतु समोर पाहणारे लघु आणि बाजूला पाहणारे गुरू धरून पाच-पाचांचे चरण पाडले की बेकनच्या रीतीने ‘नॉलेज इज पॉवर’ हे शब्द उमटतात. सोळा अक्षरांस ऐंशी माणसे लागतात. तेवढी नव्हती, म्हणून शेवटचे अक्षर अपुरे राहिले. ज्या पद्धतीचा गॅलपबाईंनी असा दुरुपयोग केला, तिच्यावर फ्रीडमनचा राग मुळीच नव्हता हे यावरून दिसते. तो फोटो त्याने पुढे आपल्या टेबलाच्या काचेखाली जपून ठेवला.

फेबियनचे शेवटचे चित्र मात्र फारसे लोभस नाही. वॉशिंग्टनहून फ्रीडमनला आलेली पत्रे तो मध्येच उघडून स्वतःजवळ ठेवी. फ्रीडमनने लिहिलेल्या पुस्तिका लेखकाच्या नावावाचून छापी. त्यांपैकी १९२० सालची बाविसाव्या क्रमांकाची पुस्तिका या विद्येच्या इतिहासात मैलाचा दगड समजली जाते. तिचा गाभा इतका साधा आहे की, तो आधी कोणास का सुचला नाही याचे नवल वाटते. इंग्रजीची दोन लांब ओळखीची वाक्ये एकाखाली एक लिहून पाहिली, तर शंभर जागांपैकी सहा-सात जागी वर आणि खाली तेच अक्षर येते. वर्णमालेतील सर्व अक्षरांना सारखीच संधी देऊन ती चिठ्ठ्या टाकून लिहिली तर चारही जागी येत नाही. भाषेला स्वतःची एक चाल असते, आणि संकेताचे थर चढविले तरी त्या चालीचा माग सहजी पुसत नाही. तो माग मोजावयाचा कसा, हे फ्रीडमनने सांगितले. तोवर हे काम कोडी सोडविणाऱ्याच्या तल्लखपणाचे होते, येथून ते गणिताचे झाले.

नवराबायको १९२० च्या अखेरीस रिव्हरबँक सोडून वॉशिंग्टनला निघून गेली. विल्यमच्या हाताखाली सैन्याचे संकेतखाते उभे राहिले, आणि त्या खात्याने १९४० च्या शरद्-ऋतूत जपान्यांचे ‘पर्पल’ हे राजनैतिक संकेतयंत्र, ते कधी डोळ्यांनी न पाहता, भेदले; जेनेव्हीव्ह ग्रोट्यान या तरुणीस निर्णायक दुवा प्रथम दिसला. यानंतर थोड्याच महिन्यांत विल्यमची प्रकृती कोलमडली आणि त्यास लष्करी रुग्णालयात मनोरुग्ण म्हणून काही आठवडे काढावे लागले. या विद्येचे मोल माणूस कशात चुकते करतो ते सरकारी अहवालात येत नाही.

एलिझाबेथची गोष्ट याहून कमी ठाऊक आहे. दारूबंदीच्या काळात समुद्रावरून चोरटी दारू आणणाऱ्या टोळ्यांचे हजारो निरोप तिने तटरक्षक दलासाठी वाचले. १९३३ साली न्यू ऑर्लीन्सच्या न्यायालयात, आरोपींच्या वकिलांनी तिची विद्या म्हणजे अंदाजपंचे आहे असा पवित्रा घेताच, तिने न्यायाधीशांकडे फळा मागितला आणि शाळामास्तरणीसारखे उभे राहून संकेत कसा सुटतो हे सर्वांदेखत करून दाखविले. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतील जर्मन हेरांचे जाळे तिच्या लहानशा गटाने वाचून काढले, आणि त्याचे श्रेय एडगर हूवरच्या केंद्रीय तपासखात्याने घेतले. न्यूयॉर्कमध्ये बाहुल्या विकणारी एक बाई बाहुल्यांच्या दुरुस्तीविषयी लांबलचक पत्रे परदेशी पाठवी, आणि त्या बाहुल्या म्हणजे दुरुस्त होत असलेल्या युद्धनौका होत्या. त्या खटल्यातही सरकारने एलिझाबेथचा सल्ला घेतला. आरोपी व्हेल्व्हली डिकिन्सन हिला १९४४ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. चौसष्ट कलांच्या यादीतील ती कला वात्स्यायनाने ज्यांच्यासाठी सांगितली होती, त्यांच्यापैकीच ह्या दोघी. एक लिहिणारी आणि एक वाचणारी.

रिव्हरबँकचे एक देणे बाकी होते. फेबियन १९३६ साली वारला, गॅलपबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. परंतु बेकनवाद मेला नव्हता. १९५७ साली दोघा पतिपत्नींनी ‘द शेक्सपिरियन सायफर्स एक्झॅमिन्ड’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून, ज्या भिंगातून तरुणपणी त्यांना पाहावयास लावले होते त्याच भिंगातून तो सारा व्यूह तपासला आणि निकाल दिला की, तेथे गुप्त असे काहीही नाही. ग्रंथात कुठेही कडवटपणा नाही, गॅलपबाईंच्या प्रामाणिकपणाविषयी आदरच आहे.

विल्यम १९६९ च्या नोव्हेंबरात वारला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतील त्याच्या शिळेवर कोणते शब्द कोरावेत हे एलिझाबेथने ठरविले: तेच, ‘नॉलेज इज पॉवर’. १९८० साली तीही त्याच शिळेखाली विसावली. पुढे २०१७ साली एका अभ्यासक बाईंच्या ध्यानात आले की, त्या सोळा अक्षरांपैकी काहींना टोके आहेत आणि काहींना नाहीत. पाच-पाचांचे चरण पाडले की तीन अक्षरे मिळतात व एक उरते. ती तीन अक्षरे ‘डब्ल्यू, एफ, एफ’, म्हणजे विल्यमची आद्याक्षरे. एलिझाबेथने स्वतःची त्यात घातलेली नाहीत.